प, ब आणि म

प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. ऐकू न येणाऱ्या लेकरांना शिकवताना आमचं अर्धं आयुष्य यातच जातं. 'प'ला तोंडापुढे कागदाचा कपटा धरायचा, तो हलतो. 'ब'ला लेकराचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, 'म'ला नाकावर; तिथली थरथर हाताला कळते. रुपा माझ्या गळ्याला हात लावूनच 'बाबा' म्हणायला शिकली. त्याआधी ती बापासाठी मिशीला पीळ द्यायची. आमच्या हिंगोलीच्या शाळेत हातवारे चालत नसत. दर वेळी मी तिचा हात खाली दाबायचे. फार कडक होते मी, आणि त्याचा मला तोरा होता.

'बाबा' जमल्यावर धडा घेतला: 'बाबा गेले. बाबा आले.' तेवढ्यात करोना आला, वसतिगृह रिकामं झालं आणि रुपा सेनगावकडच्या तांड्यावर गेली. मी मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचे. रेंज असली तर पोचायचे.

दुसऱ्या लाटेत तिचे वडील रतनसिंग हिंगोलीच्या दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी तिच्या आईचा, भिकाबाईचा फोन आला.

"म्याडम, मयत तांड्यावर आणू दिली न्हाई. पोरगी रोज फाट्यावर बसून राहिली, जीपमधून बाप उतरंल म्हणून. आमी समदे रडलो, पर काहून रडतो ते तिला कळंना. तिची भाषा तुमाला येते. तुमीच सांगा."

व्हिडिओ कॉल लावला. मला पाहून रुपा उड्या मारायला लागली. मी सावकाश म्हणाले, "बाबा गेले."

"मामा," ती म्हणाली आणि टाटा केला. तिचा मामा सकाळीच गावी गेला होता म्हणे.

मी गळ्यावर हात ठेवून पुन्हा म्हणाले. तिनंही स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. "मामा." माझा गळा हिंगोलीत होता. मला रडूच आलं.

शेवटी मीच मिशीला पीळ दिला. तिचे डोळे चमकले. "गेले," म्हणत मी मान टाकली, डोळे मिटले. मरणाचा शब्द मी तिला शिकवलाच नव्हता. एवढ्याशा लेकराला तो कशाला, असं वाटलं होतं.

डोळे उघडले तर रुपा ताठ उभी होती, वर्गात राहायची तशी. गळ्यावर हात ठेवून तिनं धड्यातलं पुढचं वाक्य म्हटलं, अगदी स्पष्ट.

"बाबा आले."

मागून भिकाबाई विचारत होती, "सांगितलं का, म्याडम? कळलं का तिला?"