तिला विचारलंय

"मी तिला विचारलंय, तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या.

प्लंबरने जीभ चावली. मघाशी बाईंनी मुलीला नाव विचारलं, ते त्यानेच सांगितलं. डब्यात काय होतं, तेही त्यानेच. मुलगी बाकावर पाय लोंबकळत ठेवून गप्प बसली होती.

"घरी बोलते हो ती."

"काय बोलते?"

त्याला चटकन आठवेना. तहान लागायच्या आत तो तिच्या हातात पाणी द्यायचा. बायको गेल्यापासून लेकीला काही मागावं लागू नये, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं.

"या वयाची मुलं घरी गेल्यावर दिवसभराचं सांगतात, भांडतात, डोकं खातात. ही वर्गातही ब्र काढत नाही. आज तोंडी परीक्षेतही नाही बोलली, तर तिला दुसरीतच ठेवावं लागेल. मैत्रिणी पुढे जातील. तुम्ही मागे बसा. आणि काही झालं तरी मध्ये बोलायचं नाही."

तो हत्यारांची पिशवी घेऊन वर्गातल्या मागच्या बेसिनपाशी बसला. नळ ठिबकत होता. त्याचे हात शिवशिवले.

"घरी कोण कोण असतं गं?"

थेंब पडत राहिले. मुलीने वळून बापाकडे पाहिलं. उत्तर त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने दात आवळले.

"हळू सांगू?" मुलगी म्हणाली.

"सांग ना."

ती बाईंच्या कानाशी लागली, पण रिकाम्या वर्गात सगळं ऐकू येत होतं.

"मी आणि बाबा. आई वारली. बाबांसमोर आईचं काढायचं नाही. त्यांचं तोंड कसंतरी होतं. आणि बोलायला लागलं की आईचं येतंच मध्ये. म्हणून मी बोलतच नाही."

"वर्गात कुठे असतात बाबा?"

"सवय झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आईचं पुष्कळ सांगायचंय का तुला?"

मुलीने मान हलवली आणि पुन्हा मागे पाहिलं. प्लंबर उठला, दोघींकडे पाठ केली आणि पिशवीतून पाना काढला.

"बाबा?"

"बोल तू," तो नळाकडे बघत म्हणाला. "मी हा नळ करतोय."

मग ती सांगू लागली. आई शिट्टी कशी वाजवायची, पालीला किती घाबरायची, आणि पाल दिसली की स्टुलावर चढून बाबांना कशा हाका मारायची. बाई हसल्या. मुलगीही हसली.

नळ ठिबकायचा केव्हाच थांबला होता. प्लंबर नुसताच पाना फिरवत राहिला.