अमृतदादाचं पाकीट

"काळं झालं! अगं बाई, काळं झालं!" हॉलभर एकच गलका उडाला.

स्टेजवर अमृतदादा बशी उंच धरून उभा. बशीत ताज्या बटाट्याची चकती, तिच्यावर त्याने 'तपासणीचे' दोन थेंब टाकले होते. "बघा, आयांनो! ज्याला तुम्ही ताजं म्हणता, त्यात हे विष! आता माझ्या जीवनचूर्णाची करामत!" त्याने चकचकीत पाकीट फाडलं, पूड पाण्यात कालवली, चकतीवर ओतली. काळेपणा पार गायब! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हातच जोडले.

तिसऱ्या रांगेत बाटलीमावशी होती. शाळेच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं बाटल्या धुतल्या, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. खरं सांगायचं तर तिच्या नाकाने पहिल्याच दिवशी चोर पकडला होता. तो आयोडीनचा वास ती कशी विसरेल? तरी ती गप्प बसली. कारण अमृतदादा दारात उभा राहून प्रत्येकाला विचारायचा, "जेवलात का, आई?" नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी लांब. दिवसदिवस तिच्याशी कोणी अवाक्षर बोलत नसे. हा एवढा प्रश्न ऐकायला ती रोज चालत यायची, पाकीट विकत घ्यायची आणि घरी नेऊन कपाटात टाकायची.

तिच्या वरच्या मजल्यावरची शिलाईवाली मात्र महिनाभर निव्वळ पुडीवर जगत होती. फळ-भाजीला हात लावायला घाबरायची. बिचारी तीही एकटीच. आज पाकीट घ्यायला स्टेजकडे गेली आणि पायरीवरच भोवळ येऊन कोसळली.

"घाबरू नका! विष बाहेर पडतंय!" दादा हसत म्हणाला.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला. शिलाईवालीला पाणी पाजून, खुर्चीवर बसवून ती तडक स्टेजवर चढली, थेंबांची बाटली उचलली आणि दादाच्या कडक खळ घातलेल्या बाहीवर दोन थेंब टाकले. बाही काळीनिळी!

"अरे देवा, शर्टालाही विष? कुठल्या मळ्यात पिकला रे हा?"

हॉल खदखदून हसला. दादा चाचरला, "अहो आई, हे काय करताय..."

"खळीत स्टार्च, बटाट्यातही स्टार्च. आयोडीन पडलं की काळंनिळं होणारच. आमच्या शाळेत सहावीची पोरं करायची हा चमत्कार." तिने पिशवीतून लिंबू काढलं, चिरलं आणि बाहीवर पिळत राहिली. डाग फिका पडत पडत गेला. "आणि तुझ्या पुडीतलं क जीवनसत्त्व या लिंबातही आहे. आयोडीनचा रंग तेच घालवतं. विषाचा संबंध काय?"

दादाने बाही दुमडली, पेटी उचलली आणि मागच्या दाराने पोबारा केला.

"मला हे महिनाभर ठाऊक होतं," मावशी लोकांना म्हणाली. "बोलले नाही, चुकलंच माझं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक आजोबा तर जाता जाता पुटपुटले, "तुमचं काय जात होतं हो? निदान कोणी विचारत तरी होतं." मोकळ्या खुर्च्यांकडे बघून मावशीला रडू फुटलं.

संध्याकाळी तिने गाजर-बटाटा उकडला, उरलेलं अर्धं लिंबू त्यावर पिळलं आणि पातेलं घेऊन वरच्या मजल्यावर गेली. शिलाईवालीने दार उघडलं, चेहरा रागाने फुगलेला.

"आता काय आणखी?"

"जेवलीस का?" मावशीने विचारलं.

शिलाईवालीने पातेल्याचं झाकण उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "नाही."

तर मंडळी, ताजं असो की पाकिटातलं, डोळे मिटून गिळू नका. आत काय आहे, थेंब कसले आहेत, खडसावून विचारा. आणि शेजारीण जेवली का, तेही विचारत जा. आपण नाही विचारलं, तर अमृतदादा टपलेलाच असतो.