गच्च भरलेली पारी

ओलेस्या ह्नात्युकला हात राखून वाढणं जन्मात जमलं नाही. कॅनडातल्या सास्काटूनच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात बायका दर गुरुवारी पिरोह्या, म्हणजे उकडून खायच्या करंज्या, भरायला बसत, तेव्हा ती पारीत बटाट्याचं सारण असं ठासायची की पिरोही उकळत्या पाण्यात हमखास फुटायची. थोरली बहीण दारका झाऱ्याने ती फुटकी शोधून ओलेस्याच्याच ताटलीत टाकायची.

"माया करायची ती पानात कर गं, पारीत नको!"

आता दारकाच्या हाडांत कॅन्सर उतरला होता. मॉर्फिनने दुखणं थांबे, पण सोबत दारकाही थांबे. दिवसच्या दिवस झोपून राही. ओलेस्याच्या प्रयोगशाळेत भांगेच्या झाडातून काढलेल्या वेदनाशामक द्रव्यावर काम चाले. ते तेलात विरघळे, पाण्याशी मात्र त्याचं जन्माचं वैर. आणि तेलाचा थेंब जिभेवर पडला की दारकाला उलटी. म्हणून ओलेस्याने ते पॉलिमरमध्ये कालवून पातळ पट्टी केली होती. जिभेवर ठेवली की पॉलिमर विरघळे आणि जाताना औषधालाही पाण्यात ओढून नेई.

"नाताळाआधीच्या गुरुवारी मला तळघरात बसायचंय," दारका म्हणाली. "जागी. बाकी तुझं शास्त्र तू बघ."

डॉक्टरांनी खटपट करून एका रोग्यापुरती परवानगी आणली. अट एकच. पट्ट्या महिनाभर दमट कपाटात राहूनही काचेसारख्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. पांढरट दिसल्या, तर औषध पॉलिमरमधून सुटून त्याचे खडे झाले समजायचं. ते खडे जिभेवर तसेच राहणार.

पॉलिमर किती औषध पेलतं हे ओलेस्याला तोंडपाठ होतं. तरी तिने दुप्पट घातलं. दारकाच्या तोंडाला सतत कोरड. तिचं एकाच पट्टीत भागावं, एवढाच हिशोब.

"मावेल एवढं?" सहकारी अब्राम वीबने विचारलं.

"मावेल."

महिन्याने कपाट उघडून अब्राम नुसता उभा राहिला. "ओलेस्या, जरा ये." खिडकीवर हिव साचावं तशा पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या. तो एकेक पट्टी चिमट्याने उचलून वहीत नोंद करत राहिला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दारकाला सांगितलं, तर ती आधी हसली. "फुटली ना?"

"फुटली, ताई."

"किती भरलंस?"

ओलेस्याने पाण्याचा पेला तिच्या ओठांशी नेला.

"म्हणजे नेहमीएवढं."

"आजच नव्या पट्ट्या लावल्यात. निम्मं औषध घातलंय. पण महिना लागेल गं."

"महिना?" दारकाने पांघरूण सारखं केलं. "माझ्याकडे आहे होय एवढा?"

नाताळाआधीच्या त्या गुरुवारी सकाळचं मॉर्फिन तिने परत पाठवलं आणि चाकाच्या खुर्चीतून तळघरात आली. पारी घ्यायची, सारण ठेवायचं, कडा दाबायची. मध्येच बोटं थांबत, ओठ पांढरे पडत. तेवढ्या वेळात बायका हॉकीच्या सामन्यावर मोठमोठ्याने भांडत. कण्हणं कुणाला ऐकायचं नव्हतं. ओलेस्या शेजारी बसून तिच्या कपाळावरचा घाम टिपत होती आणि दर वेळी एकच गोष्ट आठवत होती: मावेल, असं आपणच म्हणालो होतो.

शेवटी दारकाने पीठ लागलेला हात तिच्या मनगटावर ठेवला. "दे आता."

सोबत आलेल्या नर्सने मॉर्फिनची सुई दिली. पहिलं पातेलं उकळायच्या आत दारका झोपली. तिच्या पिरोह्यांतली एकही फुटली नाही, हे तिला कुणी सांगायचं राहूनच गेलं.

नव्या पट्ट्या दफनानंतर उघडल्या. अब्रामने एक दिव्यासमोर धरली. पलीकडचं त्याचं नख स्पष्ट दिसत होतं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला आणि अभिनंदन करावं की नाही न कळून चष्मा पुसू लागला. परवानगी एका रोग्यापुरतीच होती.

पुढच्या गुरुवारी ओलेस्या तळघरात गेली. दारकाच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. समोरच्या स्तेफा म्हातारीने तिच्या हातातल्या पारीकडे पाहिलं.

"एवढंसं सारण? अगं, कंजूष झालीस की!"

"हो," ओलेस्या म्हणाली आणि कडा दाबत राहिली. पारी केव्हाच बंद झाली होती.