ऑफिसचं खोकं

"तुम्ही या जेवून, मी इथेच बसते," असं म्हणून सासूबाई मासळीबाजाराच्या ऐन मधोमध, खेकड्यांच्या पेट्यांशेजारी, कुणाच्या तरी उपड्या क्रेटवर बसल्या. रांगेत उभं राहून आम्हाला चाळीस मिनिटं झाली होती आणि पुढे अजून अकरा माणसं होती. माझी लेक मादोका हिला कच्च्या मासळीचा भात ह्याच दुकानात खायचा होता, कारण हे दुकान तिने फोनवर पाहिलं होतं. शेजारची दोन दुकानं रिकामी होती, पण ती फोनवर नव्हती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी ह्यांनी एव्हाना दहा वेळा घड्याळ पाहिलं असतं आणि परतीच्या गाडीची वेळ मला दोनदा ऐकवली असती. आज हे मजेत उभे होते. ब्याऐंशी वर्षांची आई क्रेटवर बसलीय, तिला काहीतरी सांगा, असं म्हटलं, तर म्हणाले, "बसू दे गं. घाई काय आहे?"

तेहेतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटायच्या ऐवजी चीड आली.

एक तर कानाझावाला यायचं हे ह्यांनीच अचानक ठरवलेलं, तेही गुरुवारी, तेही मार्चमध्ये. मादोकाचं ठीक आहे, ती दातांच्या दवाखान्यात काम करते, गुरुवारी तिला सुट्टीच असते. पण हे तोयामाला एका मालवाहतूक कंपनीत कारकून. कुठला ट्रक कुठे जाणार, त्याचे कागद करतात. मार्चमध्ये त्यांचं वर्ष संपतं, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. मादोका मार्चमध्येच झाली, तर हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात उगवले होते. मग आता रजा मिळाली कशी? आठवडाभर मी विचारत होते. "मिळाली," एवढंच उत्तर. तोयामाची शाखा बंद करून सगळं नागोयाला नेणार, अशी कुणकुण हिवाळ्यापासून कानावर येत होती. तेही विचारून झालं. "आमचं टेबल राहणार," म्हणाले आणि आंघोळीला गेले. पोटात ठेवलेलं ओठावर आणायचं नाही, ही ह्यांची जुनी खोड.

शेवटी जेवायला बसलो. मादोका फोटो काढत राहिली आणि आम्हाला जेवायच्या काड्या उचलू देईना. सासूबाईंनी वाढणाऱ्या मुलीला थांबवून सांगितलं की ह्याचे वडील बंदरावर मासळीच्या पेट्या वाहायचे, पण हा माझा मुलगा ऑफिसात असतो. टाय लावून जातो. ती मुलगी हसून वाकली. ही कथा त्या दिवशी तिकीट तपासनीस, बागेचा रखवालदार आणि स्वच्छतागृहापुढे उभी असलेली एक परकी बाई, अशा सगळ्यांनी ऐकली. एरवी हे "आई, पुरे" म्हणतात. आज ते वाटीतल्या भाताकडे बघत बसले होते.

मग बाग. बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडांना बांधलेल्या दोऱ्या माळी उतरवत होते. सासूबाईंना दोन पायांचा दगडी कंदील पाहायचा होता. तिथवर चालत गेलो, तर म्हणाल्या की मागच्या वेळी हा मोठा होता. तीनदा स्वच्छतागृह शोधलं. मादोकाला सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम हवं होतं, त्याची रांग वेगळी. माझ्या टाचेला बूट लागला होता. आणि ह्या सगळ्यात हे आपले हात मागे बांधून माळ्यांकडे बघत होते. एक माळी वर शिडीवर गाठ सोडत होता, दुसरा खाली दोरी गुंडाळत होता. हे तिथे दहा मिनिटं उभे. मी जाऊन म्हटलं, "तुम्हाला नेमतायत का तिथे?" हे हसले, पण तोंडदेखलं.

चहाच्या टपरीवर टेकल्यावर सासूबाईंनी विचारलं, "योशिहारू, ऑफिसचं खोकं घेतलंस का रे?"

"घेतो नंतर."

माझा कप हातातच राहिला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ह्यांचे हात सकाळपासून रिकामे आहेत.

रजा घेतली की आपलं काम इतरांवर पडतं, म्हणून परतताना त्या गावची मिठाई ऑफिससाठी न्यायची, ही आमच्याकडची रीत. पण लोक ती परतताना घेतात. हे गाडीतून उतरल्या उतरल्या घेतात आणि दिवसभर वागवतात. आमच्या लग्नानंतरच्या सहलीच्या एकूण एक फोटोत आम्हा दोघांच्या मध्ये खोक्याची पिशवी आहे. दुकानात उभं राहून हे बोटांवर माणसं मोजतात, नेहमी खिडकीकडच्या टेबलापासून. बाळंतपणाच्या रजेवरची बाई धरायची का, नवा पोरगा धरायचा का. पंचवीस माणसं आणि एखादा ट्रकवाला आलाच तर त्याचं एक, अशी सव्वीस. प्रत्येक बिस्कीट वेगळ्या कागदात हवं, महिनाभर टिकायला हवं. स्वतःला कधी मोजत नाहीत. त्या खोक्यांचा मी इतका राग राग केलाय की विचारू नका. एकदा तर म्हटलं होतं, तुम्ही ऑफिसशीच लग्न का नाही केलंत.

आता तेच खोकं दिसेना, तर मी टपरीच्या बाकाखालीही वाकून पाहिलं.

संध्याकाळी स्टेशनावर सासूबाईंनी पुन्हा धोशा लावला. "गाडी सुटेल. उद्या काय रिकाम्या हाताने जाशील? लोक काय म्हणतील?" तेव्हा हे मुकाट्याने समोरच्या दुकानात शिरले. मी काचेतून बघत होते. बोटं हलली नाहीत. कुणाला काही विचारलं नाही. पुढ्यात होतं ते पहिलं खोकं उचललं आणि बाहेर आले.

"मिळालं एकदाचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

गाडीत समोरासमोरच्या चार जागा मिळाल्या. सासूबाई खिडकीशी, शेजारी मादोका, त्यांच्या समोर आम्ही दोघं. पिशवी ह्यांनी मांडीवर घेतली होती. मी वाकून वरचं लेबल वाचलं. लाल घेवड्याचं गोड पुरण भरलेले तांदळाचे मऊ गोळे. बारा नग. खाली लाल अक्षरांत, आजच्या आज खावेत.

उद्या ऑफिसात जाणारा कुठलाही माणूस हे खोकं घेणार नाही. आमचे हे तर नाहीच नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. त्या टायवाल्या मुलाच्या आईकडे. सकाळपासून साठलेला माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही. एवढंच वाटलं की टेबलच राहिलं नाही, तर हे खोकं घेऊन ह्यांनी उद्या सकाळी बाहेर पडायचं, ते कुठे? कुठल्या बाकावर बसून दिवस काढायचा?

मी पिशवी ओढून घेतली, वरचा कागद टरकन फाडला आणि झाकण उघडलं.

"आई, ते बाबांच्या ऑफिसचं आहे," मादोका म्हणाली.

"मला भूक लागलीय."

"वेड लागलं का गं सुने तुला?" सासूबाई कडाडल्या. "उद्या त्याने तिथे तोंड कसं दाखवायचं?"

"आई, दुकानवाल्याने चुकीचं दिलं," मी म्हटलं. "हे आजच संपवायचे आहेत. रात्रीत कडक होतील. असले वाटले तर लोक ह्यांनाच हसतील."

सासूबाईंनी लेबल डोळ्यांजवळ धरून वाचलं. हल्लीच्या दुकानवाल्यांना चार शब्द सुनावले. मग म्हणाल्या, "मग काय, टाकून थोडंच द्यायचं?"

मी खोकं ह्यांच्या मांडीवर ठेवलं. "वाटा तुम्हीच," म्हटलं. "तुम्हाला सवय आहे."

ह्यांनी उजवा हात वर धरला.

"खिडकीपासून," हे हळूच म्हणाले. "आई." एक बोट मिटलं. "मादोका." दुसरं. "मिसाको." मी तिसरी.

तिथे हात थांबला. दोन बोटं तशीच उभी राहिली. गाडी पुलावरून जात होती, तिचा आवाज मोठा झाला आणि पुन्हा कमी झाला.

मी चौथं बोट धरून मिटलं, आणि एक गोळा उचलून ह्यांच्या दुसऱ्या हातात दिला.