बद्द वाजतंय

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं लोक एकमेकांना हिणवायला म्हणतात. माझा तो धंदाच आहे. कुणी जुनं घर विकत घेणार असलं की आधी मला बोलावतो. मी जातो, ओट्याखाली डोकं घालतो, मोरीत गुडघ्यांवर बसतो, कपाटांमागे टॉर्च मारतो आणि दोन पानी अहवाल लिहून देतो. तेवीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी परक्यांचे जेवढे संडास पाहिलेत तेवढे त्यांच्या सख्ख्या पाहुण्यांनीही पाहिले नसतील.

घर विकणारी माणसं मोठी बघण्यासारखी असतात. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीवर कॅलेंडर टांगलेलं दिसलं की समजायचं, मागे भेग आहे. वाकून तारीख बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. खोलीत शिरल्या शिरल्या अत्तराचा भपकारा आला तर कोपऱ्यात ओल आहे. आणि ज्या घरात संडासाची कडी लागत नाही, त्या घरातली माणसं आत बसून खोकतात. मी एकदा एका बाईंना विचारलं, कडी कधीपासून बिघडलीय? म्हणाल्या, "बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा बिघडलेलीच होती." म्हणजे बावीस वर्षं ते अख्खं कुटुंब खोकत होतं, पण चार स्क्रू पिळायला कुणी उठलं नव्हतं. मला हसायला आलं नाही, कारण आमच्या मोरीतला नळ तेव्हा चौथं वर्ष गळत होता.

हे झालं डोळ्यांचं आणि नाकाचं काम. खरी परीक्षा कानाची. माझ्याकडे पितळी टोकाची एक लांब काठी आहे. तिनं फरशी, भिंत, छत ठोकायचं. आतून भरीव असेल तर खणखणीत वाजतं. आत पाणी मुरलं असेल, गिलावा सुटला असेल, तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. बद्द वाजणारं छत आज ना उद्या कुणाच्या तरी डोक्यात पडतं. एवढीच माझी विद्या, बाकी सगळा टॉर्चचा उजेड.

तर गेल्या वर्षभरात माझ्या आयुष्यात तीन चांगल्या गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे घरं सुधारली. ठोकावं तिथे खणखणीत! मला वाटलं, बांधकामवाल्यांना उशिरा का होईना, अक्कल आली. दुसरी म्हणजे घरांचे एजंट माझ्याशी गोड बोलायला लागले. हीच मंडळी आधी मला पनवती म्हणायची, मी जिन्यात दिसलो की कपाळाला हात लावायची. आता आपणहून फोन करून काम देत होती. आणि तिसरी म्हणजे आमची ही शांत झाली. तीस वर्षं जिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही ती गुमान समोर चहा ठेवायची आणि आत जायची. म्हटलं, चला, वयानं सुधारली.

तीन चांगल्या गोष्टी एकदम घडायला लागल्या की शहाण्या माणसानं उठून बघावं, काय करपतंय. मी छाती फुगवून हिंडत होतो. जगाबद्दल माझी एकच तक्रार होती, की हल्ली लोक फार पुटपुटतात.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना. ती आणि जावई भाड्याच्या दीड खोलीत राहत होते आणि बाळ यायच्या आत त्यांना स्वतःच्या घरात जायचं होतं. एक घर पसंत पडलं होतं. उद्या चार वाजता करारावर सही.

"बाबा, सकाळी येऊन बघाल? तुम्ही हो म्हणालात तरच सही करणार," ती म्हणाली.

"येतो की."

"आणि आईला घेऊन या."

"तिला कशाला?"

यावर ती काहीतरी बरंच बोलली. मी म्हटलं, "हो हो, उत्तम."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिसरा मजला चढून गेलो. घर छान होतं. एजंट दारातच हात जोडून उभा होता, तिशीचा, तुकतुकीत, बुटांना आरशासारखं पॉलिश. लेक मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. रस्त्याकडची एक मोठी खिडकी, छताला ताजा पांढरा रंग.

"ही बाळाची खोली. पाळणा इथे, खिडकीपासून जरा लांब," ती म्हणाली, आणि त्या रिकाम्या जागेकडे असं बघत राहिली की जणू पाळणा हलतोच आहे. आजोबा होणार होतो, साधी गोष्ट नाही.

ताजा रंग म्हणजे विकणाऱ्याचा मेकअप, हे मला झोपेतही कळतं. मी काठी उचलली आणि पाळण्याच्या जागेवरचं छत ठोकलं. इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं.

"खणखणीत," मी म्हणालो.

आमची ही खिडकीशी पडद्याचं माप घेत होती. टेप हातात तसाच धरून वळली. "अहो, बद्द वाजतंय."

"काय?"

"बद्द!"

"तू मडकी निवड," मी म्हणालो. "बाजारात दहा मडकी वाजवतेस आणि अकराव्याला घरी येऊन गळती लागते."

"मडकं गळलं तर ओटा ओला होतो. हे पडलं तर खाली माझं नातवंड असणार आहे."

एजंट मध्ये पडला. "काकू, साहेबांच्या कानावर शंका? अहो, देवमाणूस! पूर्वी साहेबांना घरात दहा ठिकाणी बद्द ऐकू यायचं. आता वर्ष झालं, एका ठिकाणी नाही. आम्ही सगळे एकमेकांना सांगतो, बोलवायचं तर साहेबांनाच बोलवा."

तो कौतुक करत होता. मला मात्र कुणीतरी मानेवर गार पाणी ओतल्यासारखं झालं. सगळे एकमेकांना सांगतात? काय सांगतात? पण माणसाचा ताठा लवकर मरत नाही. मी लेकीला पुन्हा म्हणालो, "खणखणीत आहे. कर सही."

ही एजंटकडे वळली. "बरं. मग तुम्ही इथे छताखाली उभे राहा. मी जरा जोरात ठोकते."

"मी?" एजंट म्हणाला. "मला... जरा फोन आलाय." फोन त्याच्या खिशात मुकाट होता. तो उंबऱ्यापर्यंत सरकला आणि फोन कानाला लावून तिथेच उभा राहिला. बुटांची त्याला काळजी असावी.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही खिडकीकडे तोंड करा. आई काठीनं वाजवेल. किती वेळा वाजवलं तेवढं सांगा."

"ही काय पोरखेळाची वेळ आहे?"

"बाबा, माझ्यासाठी."

मी खिडकीकडे तोंड केलं. खाली समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकलत होतं, एक बाई छत्री दुरुस्त करून घेत होती. मी वाट पाहिली. म्हटलं, ही घाबरली. आता हिला कळेल, धंदा कशाला म्हणतात.

"अगं, वाजव की!" मी ओरडलो.

मी वळून पाहिलं. काठीचं टोक छताला टेकलेलं, हिच्या केसांत पांढरी भुकटी, आणि लेकीनं तोंडावर हात धरलेला. एजंटसुद्धा फोन खाली घेऊन माझ्याकडे बघत होता.

"सात वेळा वाजवलं," ही म्हणाली. हळू नाही, रागानंही नाही. नीट माझ्याकडे तोंड करून म्हणाली.

मला खाली बसायला खुर्चीही नव्हती. रिकामं घर ना. मी भिंतीला टेकलो. तेवीस वर्षं मी लोकांच्या भिंतींना टेकून उभा राहिलोय, पण ते टेचात.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी त्याआधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

"माहितीये, बाबा," लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "काल फोनवर तेच तर सांगितलं. म्हटलं, बाबा, तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, आई बरोबर असू दे. तुम्ही म्हणालात, हो हो, उत्तम."

मी हिच्या हातातून काठी घेतली आणि त्या जागी मनापासून एक हाणली. ताटाएवढा पोपडा निघून धाडकन खाली आला. तेवढं ऐकू आलं मला. वर गंजलेल्या सळया दात विचकून बघत होत्या आणि खाली, पाळण्याच्या जागेवर, ढीग पडला होता. एजंट म्हणाला, "रंगारी बेकार निघाला." त्याच्याशी काय बोलणार!

लेकीनं जावयाला फोन करून सही नाही म्हणून सांगितलं. मग डोळे पुसले आणि मला विचारलं, "बाबा, वर्षभरात किती घरं बघितलीत?"

"एकेचाळीस."

"आणि सगळी खणखणीत?"

मी मान डोलावली. मला एकेक घर दिसायला लागलं. एकात जुळ्या मुली होत्या, त्यांनी माझी काठी तलवार म्हणून मागितली होती. एकात म्हाताऱ्या सासऱ्यांची खाट नेमकी छताच्या मध्याखाली येणार होती आणि सून म्हणाली होती, दादा, यांची खाट दुसरीकडे लावता येत नाही, तेवढं वर नीट बघा. मी नीट बघितलं होतं. अगदी मान दुखेपर्यंत बघितलं होतं. ठोकलंही होतं आणि सवयीनं जे ऐकू यायला हवं होतं ते ऐकलं होतं. हा माझा कानाडोळा नव्हता हो. पण पडणारं छत कानाडोळा आणि बहिरेपणा यांत फरक करत नाही.

घरी आल्यावर हिनं चहा ठेवला आणि आत जायला निघाली. मी म्हटलं, "बस."

बसली.

"तू बोलायची थांबली होतीस की मला..."

"आधी मोठ्यानं बोलत होते. तुम्ही म्हणालात, किंचाळतेस कशाला. मग हळू बोलले. तुम्ही प्रत्येक वाक्याला हो हो म्हणायचात. मी एकदा म्हटलं, मी घर सोडून चाललेय. म्हणालात, हो हो, उत्तम."

"मग?"

"मग काय! भाजी घेऊन परत आले." तिनं पदरानं नाक पुसलं. "मेलं, माणूस घरात असून रेडिओ लावून बसायची वेळ आली. भिंतीशी बोलले असते तर निदान वाजली तरी असती."

मला भयंकर लाज वाटली. वर्षभर मी हिला सुधारली म्हणत होतो आणि ही एकटी पडली होती. मी म्हटलं, चुकलं माझं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ती म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." टोमणा होता. खूप दिवसांनी मिळाला आणि गोड लागला.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन सांगितलंय, पण यायला पंधरा दिवस लागतील. मला पंधरा दिवस थांबवेना. एकेचाळीस घरांचे पत्ते काढले. हिला म्हटलं, तू वाजवायचं, मी लिहायचं. ती म्हणाली, "आणि लोकांना सांगणार काय?" मी म्हटलं, जे आहे ते. की तुमचं घर मी तपासलं नव्हतं, नुसतं ठोकलं होतं. एजंट लोकांत बातमी कधीच पसरली असणार. देवमाणूस गेला, पनवती परत आली. येऊ दे.

पहिलं घर खाटेचं. जिना चढताना ही मागून काहीतरी बोलली.

"हो हो," मी म्हणालो.

ती थांबली. काठी पायरीवर आपटली. "काय म्हणाले मी?"

आता थाप मारायची सोय नव्हती. मी वळलो, दोन पायऱ्या खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिलो. "नाही ऐकू आलं. पुन्हा सांग."

"म्हटलं, पँटची चेन उघडी आहे. गेल्या आठवड्यातही होती, तेव्हाही सांगितलं होतं."

मी चेन लावली. गेल्या आठवड्यात मी दोन घरं आणि एक बँक केली होती. ही हसत होती, पोट धरून, भर जिन्यात. ते मात्र मला चांगलं दिसत होतं.

वर गेलो. दारापाशी मी थांबलो. आतली खाट आहे त्याच जागी असेल, वरचं छत आहे तसंच असेल, की... मी बेलचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

"वाजली का?" मी विचारलं.

"वाजली," ती म्हणाली. "कुणीतरी खोकलंय आत. म्हातारा माणूस आहे. उठतायत."