वॉर्डचा वास

माधुरीने धुण्याच्या दगडावर युनिफॉर्म पुन्हा पसरला, त्यावर डेटॉलचं बूच उपडं केलं आणि काखेच्या शिवणीपासून ब्रश चालवायला घेतला. सकाळी एकदा धुऊन झाला होता. तरी मघाशी ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा तो वास तिथे होताच. गोडसर, कुबट. जुन्या जखमेची पट्टी सोडताना येतो तसा.

"आई, परत धुतेस?" पायरीवर पुस्तक घेऊन बसलेल्या पंकजाने विचारलं.

"वॉर्डचा वास निघत नाही गं."

"तू घरी नसतेस तेव्हापण येतो."

"माझे कपडे असतात ना घरात."

पंकजाने खांदे उडवले आणि पान उलटलं.

माधुरीचं नाक कोल्हारच्या दूध संकलन केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं. केमिस्ट्रीची पदवी घेऊन ती तिथे दुधाचं फॅट मोजायला लागली, पण तिची ओळख झाली ती नाकामुळे. कॅनचं झाकण उघडलं की मशीनच्या आधी ती सांगायची, हे दूध तापवलं की फाटणार. गवळी चेष्टा करायचे, मॅडम, जरा आमच्या म्हशीचा पण वास घेऊन बघा. आताही सकाळची पाळी ती करतच होती. ती संपली की स्कूटीवरून तालुक्याचं नर्सिंग कॉलेज, तिथून हॉस्पिटलचा वॉर्ड, संध्याकाळी परत. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र हा वास तिच्यासोबत घरी यायला लागला होता. ती दारात बूट काढायची, मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायची, मगच चुलीपाशी जायची. वास तिच्या आधी पोचलेला असायचा.

तिने युनिफॉर्म पिळला, दगडावरच ठेवला आणि हात पुसत ओसरीवर गेली. सासूबाई, चांगुणाबाई, सुपात हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या. डावा हात कुशीशी घेतलेला, उजव्यानेच खडे बाजूला सारत होत्या.

"आत्या, मी उद्या कॉलेजात सांगून येते. बंद करते आता."

"काय बंद करती?"

"शिकणं. डेअरीवाले पूर्ण वेळ परत घ्यायला तयार आहेत."

चांगुणाबाईंचा हात थांबला. "अन मंग इतके दिस केलं त्ये?"

"गेलं वाया."

"वाया कसं जाईल? त्ये काय दूध हाय का, नासायला?"

माधुरीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. ती खांबाला टेकून बसली. "पंकूला ताप होता तेव्हा मी वॉर्डात दुसऱ्यांचे ताप बघत होते. ह्यांच्या टेम्पोला वेळकाळ नाही. घरातलं सगळं तुमच्यावर पडतं. शेजारची लंकाबाई परवा मला ऐकू जाईल असं म्हणाली, परक्या बाप्यांची अंगं पुसायला जाते आणि म्हाताऱ्या सासूला भाकऱ्या थापायला लावते."

"लंकीच्या सुनंला भाकरी फुगवता येत न्हाई अजून. तिला सांग, आदी ती फुगव म्हनावं." चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्या तक्रार केली का कदी?"

तक्रार त्यांनी कधीच केली नव्हती. उलट माधुरी शिकायला गेली तीच त्यांच्यामुळे. दोन वर्षांपूर्वी जेवताना ती सहज बोलून गेली होती की नर्सिंगला आता मोठ्या वयाच्या बायाही घेतात. तिचा नवरा हर्षल म्हणाला होता, चांगली बसायची नोकरी सोडून हे कुठलं खूळ? भावकीतलेही तेच म्हणाले. चांगुणाबाईंनी ताटावरून मान वर न करता एवढंच सांगितलं होतं, "शिकू दे तिला. घरात येक जानतं बाईमानूस पायजे." तिथेच ते ठरलं. माधुरीला त्या रात्री कितीतरी वेळ झोप लागली नव्हती, इतका तिला आनंद झाला होता.

आणि नंतरही त्या तशाच वागल्या. माझं धुणं मी धुते, तुला अभ्यास हाय, म्हणून त्यांनी आपल्या चोळ्या माधुरीच्या हाती द्यायचं बंद केलं. पंकू आता मोठी झाली, आईपाशी झोपू दे, म्हणून तिला आपल्या अंथरुणातून हलवलं. आपल्या खोलीत सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायला लागल्या. हर्षल म्हणाला, आईनं देव्हारा खोलीतच नेला की काय. त्या हसल्या होत्या.

"किती राह्यलंय पुरं व्हायला?" त्यांनी आता विचारलं.

"एक वर्ष. शिवाय पुढचं ट्रेनिंग."

"वरीस." त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिल्यासारखा उच्चारला. अंगणाकडे बघितलं. "आन आत्ता सोडलंस तर न्हाई व्हायचं तुला काई."

"नाही. अर्धवट राहील."

"मंग मी कुनाला दाखवू?"

"काय दाखवायचंय?"

चांगुणाबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. "आत ये. पोरीला हितंच बसू दे. कडी लाव."

खोलीत उदाचा धूर होता. आणि धुराखाली तो वास. माधुरी कडी लावून वळली तेव्हा चांगुणाबाई खिडकीकडे पाठ करून पलंगावर बसल्या होत्या आणि चोळीची गाठ सोडत होत्या. गाठ सुटायला वेळ लागला. आत जुन्या सुती लुगड्याच्या घड्या होत्या, हळदीने पिवळ्या झालेल्या, एका जागी ओल्या. शेवटची घडी कातड्याला चिकटली होती. ती त्यांनी तोंड फिरवून ओढली.

माधुरीने हे पाहिलं होतं. पुस्तकात, रंगीत पानावर. एकदा वॉर्डातही, राजूरकडून आणलेल्या एका बाईच्या छातीवर, आणि तेव्हा तिच्या मनात आलं होतं, घरच्यांना काही दिसलं कसं नाही.

तिचे कान बंद झाले. खिडकीतून चौकातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना दिसत होता, आवाज येत नव्हता. आखूड काळ्या मण्यांची पोत, तिच्या खाली उजवीकडे एका वयस्क बाईची सैल छाती, आणि डावीकडे कडा उलटलेली, संत्र्याच्या सालीसारख्या कातडीने वेढलेली ती जखम. त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे तिला जुळवता येईना.

"कधीपासून?" तिचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी आला.

"आदी गाठच हुती. हरबऱ्याच्या दान्यायेवढी. दुकत बी नव्हती." चांगुणाबाई जमिनीकडे बघत होत्या. "तू नर्सचं काढलंस ना, त्याच्या जराशी आदी."

"तेव्हापासून?"

"बाप्या डाक्टरपुढं मला न्हाई व्हत उघडं. आन हर्षलला काय सांगू, पोटच्या पोराला? म्हनलं, घरातलीच शिकत असंल तर थांबू. आपली आपन बघंल."

"आत्या, मी तर रोज घरात होते. पहिल्या दिवशी सांगितलं असतं..."

"तवा तुला काय येत हुतं?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, समजावणं होतं. "तू म्हनायचीस ना, आत्या, अजून मला निस्तं बेड लावायला शिकवत्यात. मंग म्हनायचीस, अजून सुई टोचू देत न्हाईत. आर्धं शिकलेल्याला दाखवून काय करायचं? पास झालीस का दाखवू म्हनलं. पन तू सोडाया निगालीस."

माधुरी दाराला टेकली. बेड लावायचं ती खरंच हसत हसत सांगायची, संध्याकाळी भाजी निवडताना, आणि सासूबाई किती लक्ष देऊन ऐकतात म्हणून तिला बरं वाटायचं. पुढं काय शिकवलं, त्या विचारायच्या. पट्टी करायला शिकवली का? बायांच्या रोगाचं कदी येनार?

"लई झालंय का?" चांगुणाबाईंनी विचारलं.

माधुरीने कडी काढली, मोरीत गेली, कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली. मग तिने नळ बंद केला. बॅगेतून गॉज, हातमोजे आणि सलाईनची बाटली काढून परत खोलीत आली. पलंगाशेजारी गुडघे टेकले.

"मावशी, हात जरा वर घ्या," ती म्हणाली. वॉर्डात सगळ्यांना म्हणायची तसं. म्हणून झाल्यावर ते तिच्या लक्षात आलं.

चांगुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात उचलला, जाईल तितका.

"व्हय, शिष्टर."

काखेत गाठी होत्या. माधुरीने त्या बोटांनी चाचपल्या. मोजायला शिकवलं होतं; तिने मोजल्या नाहीत. जखम धुतली, कोरडी केली, वर गॉज ठेवला. चांगुणाबाईंनी एकदाही हूं केलं नाही. चोळीची गाठ माधुरीनेच बांधली.

"उद्या माझ्यासोबत यायचं," ती म्हणाली. "बाई डॉक्टर आहेत. मी शेजारी उभी राहीन."

"आन कालेज?"

"तिथंच आहे ते."

"हर्षलला सांगनार?"

"सांगावं लागेल."

चांगुणाबाईंनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग त्या पलंगावर आडव्या झाल्या. दिवसाउजेडी त्यांना आडवं झालेलं माधुरीने या घरात कधी पाहिलं नव्हतं.

पिवळ्या घड्या कागदात गुंडाळून ती अंगणात आली. आता गिरणी ऐकू येत होती. दगडावर युनिफॉर्म पिळलेला तसाच पडला होता. तिने तो उचलला, उलगडला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. साबण होता, डेटॉल होतं, ओल्या कापडाचा वास होता. बाकी काही नव्हतं. मग तिने तो झटकला आणि दोरीवर ऊन होतं त्या टोकाला नेऊन वाळत घातला.

"गेला का वास?" पंकजाने पायरीवरून विचारलं.

"पंकू, आजीपाशी जाऊन बस थोडी."

"आजी जवळ येऊ देत नाही."

"जा," माधुरी म्हणाली. "आता देईल."