गच्चीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना, प्लास्टिकचा आणि पुरता वैतागलेला व्हॉल्व्ह आहे. बंगळुरात यशवंतपूरच्या एका अरुंद गल्लीत अप्पासाहेबांचं दुमजली घर आहे. त्या घराच्या गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा जाड पाइप आहे. त्याच्या अगदी तळाशी, गल्लीकडे तोंड करून मी कितीतरी पावसाळे काढले. माझी मूठ लाल होती. उन्हाने तिचा रंग उडाला, पण कुणाचं लक्ष गेलं असेल तर शपथ.

आधी माझं काम समजून घ्या, कारण ते कुणी समजून घेतलं नाही म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं. पाऊस सुरू झाला की गच्चीवरची धूळ, पानं, कबुतरांची घाण पहिल्या पाण्याबरोबर खाली येते. तेवढा वेळ मला उघडं ठेवायचं, म्हणजे ते घाण पाणी बाहेर निघून जातं. पाणी स्वच्छ दिसू लागलं की मूठ फिरवून मला बंद करायचं. मग पाणी पाइपात वर चढतं, माझ्या डोक्यावरच्या आडव्या फाट्यातून ड्रमात पडतं, तिथल्या खडी-वाळूतून गाळलं जातं आणि अंगणाखालच्या टाकीत साठतं. आधी उघडा, मग बंद. एवढं सोपं काम त्या घरात दुसरं नव्हतं.

माझा जन्म बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा अंग अजून कोमट होतं. तपासणीच्या टेबलावर एका मुलीने माझी मूठ दोन्हीकडे फिरवून पाहिली, आत पाणी सोडलं, थेंबही गळत नाही अशी खात्री करून घेतली आणि मला खोक्यात ठेवलं. इतक्या आस्थेने मला पुन्हा कुणी हाताळलं नाही. तिथून मी चिकपेटातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि सुतळीला लटकलो. साड्यांच्या खरेदीला आलेल्या बायकांचे धक्के खात मी वाट पाहत होतो. आपल्याला एक चांगलं घर मिळेल, तिथे आपण पाणी वाचवू, अशी भाबडी स्वप्नं मी तेव्हा बघायचो.

अप्पासाहेब मला घ्यायला आले ते काही पाण्याच्या प्रेमापोटी नाही. त्यांना नळाचं नवं कनेक्शन हवं होतं, आणि पावसाचं पाणी साठवायची सोय केल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. मला बसवलं, तपासायला पाणीखात्याचे साहेब आले. अप्पासाहेब माझ्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले आणि साहेबांनी मोबाइल पुढे धरला. "स्वल्प हसा, सार!" फोटो निघाला, कनेक्शन मिळालं. पुढे महिनाभर येईल त्या पाहुण्याला ते माझ्यापाशी आणून सांगायचे, "आमच्याकडे आता आभाळाचं पाणी बरं का!" तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. तरी मी खूश होतो. स्तुती ऐकून कोण खूश होत नाही?

पाऊस आला आणि माझं काम सुरू होण्याआधीच संपलं. अप्पासाहेबांची थोरली बहीण अंबुबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणतं, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा, हे गच्चीवरचं पाणी टाकीत सोडणार तू? चपला घालून हिंडता की रे तुम्ही तिथं! त्या पाण्यात मी देवाचा भात शिजवू होय?"

"अक्का, ते गाळून येतं."

"अय्यो, गाळून काय येतं? नको म्हणजे नको."

"सरी, तू म्हणशील तसं," अप्पासाहेब म्हणाले. संपला विषय. मला उघडं ठेवलं ते कायमचंच. माझ्या मुठीला कपडे वाळवायची दोरी बांधली आणि ड्रमाच्या झाकणावर तुळशीची कुंडी आली.

आणि टाकीत काय येत होतं? नळाला आठवड्यातून कधीतरी करंगळीएवढी धार. बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांवर पांढरा थर बसायचा. बाकी सगळी भिस्त टँकरवर. तो टँकर कुठल्या खड्ड्यातून भरून यायचा ते त्या ड्रायव्हरलाच ठाऊक. त्याच्या पाण्यात एकदा बेडूक निघाला. अक्कांनी बेडूक काढून टाकला आणि पाणी चालवून घेतलं! मी जवळच होतो, मित्रांनो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात गल्लीचा रस्ता. दर थोड्या दिवसांनी जुन्या डांबरावर नवं डांबर पडायचं. खरवडायची तसदी कोण घेणार? रस्ता वर चढत गेला, गटाराचं तोंड बुजलं आणि अप्पासाहेबांचा उंबरठा रस्त्याच्या खाली गेला. आता पाहा गंमत. गच्चीचं पाणी मी रस्त्यावर सोडायचो आणि रस्ता तेच पाणी दारातून घरात पाठवायचा. घरातली माणसं गुडघ्यापर्यंत कपडे वर करून पालिकेला शिव्या द्यायची, रस्त्याला द्यायची, ढगांना द्यायची. मी भसाभस ओकत होतो तिकडे एकजण बघेल तर ना!

तळमजल्यावरच्या खोलीत, जिथे हे पाणी शिरायचं, तिथे अप्पासाहेबांच्या सुनेचं स्वयंपाकघर होतं. पवित्रा निपाणीकडची. पुरणपोळ्या करून विकायची. गिऱ्हाइकं तिला होळिगे म्हणत, पण खायची मात्र बोटं चाटून. कष्टाळू पोर, पण पाण्याने तिचं नाक दाबलं होतं. जड पाण्यात हरभऱ्याची डाळ शिजता शिजत नाही. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत, गॅस संपत येई, आणि पुरणात कणी राहायचीच. गिऱ्हाइकं तुटू लागली. भर म्हणून पावसात पिठाचे डबे तरंगायचे.

शेवटी अप्पासाहेबांनी तिला माझ्यासमोरच सुनावलं. "पवित्रा, गल्लीतल्या त्या योगीराजला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान घालायला खोली पाहिजे. गौरीपर्यंत बघतो. तेव्हाच्या ऑर्डरी जमल्या तर तुझी खोली तुला. नाहीतर मी त्याला हो म्हणणार."

"मामंजी, पाणी तेवढं चांगलं मिळू दे, मी करून दाखवते की!"

चांगलं पाणी! अगं बाई, तुझ्या डोक्यावरून रोज जातंय ते, असं ओरडावंसं वाटलं. पण व्हॉल्व्हला तोंड असतं ते फक्त पाण्यासाठी.

गौरीच्या आदल्या दिवशी टँकर आलाच नाही. टाकीचा तळ दिसत होता. डाळ धुऊन ठेवलेली, गुळाची ढेप फोडलेली, आणि शिजवायला घरात बोअरच्या जड पाण्याशिवाय थेंब नाही. पवित्रा पायरीवर मटकन बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मला तिची फार दया आली.

दुपारी धो धो पाऊस कोसळला. मी आधी काळं पाणी ओकलो, मग मळकट, मग लख्ख. पवित्रा उंबरठ्यावर पोती लावत होती. तिची नजर माझ्या तोंडाकडे गेली आणि तिथेच खिळली. इतक्या वर्षांत त्या घरातल्या माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं! ती आत धावली, मोठं पातेलं आणून माझ्याखाली धरलं. ते भरलं तशी कळशी, मग बादली. फडक्यातून गाळलं, उकळलं आणि त्यात डाळ टाकली.

डाळ लोण्यासारखी शिजली. कणीचं नाव नाही. तिने गूळ घालून पुरण आटवलं आणि चव बघायला अक्कांच्या हातावर ठेवलं. तोवर पाणी पोत्यांवरून आत आलं होतं आणि अक्का बाजेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"गे पवित्रा, कुठलं पाणी घातलंस? आजपर्यंत तुझं पुरण असं कधी झालं नाही."

पवित्राने खोटं बोलायचं टाळलं. "गच्चीचं, अक्का."

अक्कांचा घास तोंडातच राहिला.

"टँकरवाला कुठनं भरतोय ते तरी तुम्हाला ठाऊक हाय काय?" पवित्रा म्हणाली. "हे निदान आभाळातनं आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय."

अक्कांनी घास गिळला. खाली बघितलं. जमिनीवरून पाणी वाहत होतं आणि त्यात पिठाची चाळणी तरंगत होती. मग त्या जोरात ओरडल्या, "अप्पा! इतकं चांगलं पाणी रस्त्यावर काय सोडतोस रे? बंद कर ते! आणि उद्यापासून गच्चीवर चपला घालून कोण गेलं तर माझ्याशी गाठ आहे!"

अप्पासाहेब पावसात धावत आले. दोरी सोडली, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि पिळली. मित्रांनो, मी जिवाचा आटापिटा केला. ह्याच क्षणासाठी तर मी बनलो होतो! पण इतकी वर्षं न हललेला मी, आत माती आणि क्षार धरून घट्ट बसलो होतो. अप्पासाहेबांनी पुन्हा जोर लावला आणि कट्कन मूठ त्यांच्या हातात आली. मी उघडाच राहिलो. पाणी घरात जातच होतं.

"सरका मामंजी!" पवित्राने त्यांच्या खांद्यावरचा पंचा ओढला, त्याचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला आणि वरून वरवंटा ठोकला. मला श्वास घेता येईना. पण पाणी पाइपात वर चढलं, आडव्या फाट्यात वळलं, ड्रमातल्या कडक झालेल्या वाळूत जरा घुटमळलं आणि टाकीत पडू लागलं. मोरीत घागर ओतल्यासारखा तो आवाज ऐकून अप्पासाहेब हातात माझी मूठ घेऊन वेड्यासारखे हसत उभे राहिले. घरातलं पाणी चढायचं थांबलं. गौरीच्या पोळ्या वेळेवर गेल्या आणि योगीराजला दुसरीकडे दुकान शोधावं लागलं.

सण सरल्यावर प्लंबर आला. ड्रम धुतला, वाळू बदलली, शेजारी शोषखड्डा खणला आणि मला करवतीने कापून काढलं. माझ्या जागी नवा व्हॉल्व्ह बसला. अक्का पाऊस आला की स्वतः छत्री घेऊन त्याची मूठ फिरवतात. फिरवताना गल्लीला ऐकू जाईल असं सांगतातही, "ही आमची कल्पना बरं का!" ऐकतो मी, पायरीखालच्या भंगारात पडून.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेलात की पाइपाखाली वाकून बघा. माझा कुणी भाऊबंद तिथे दिसला तर त्याच्यासोबत फोटो काढू नका, त्याला दोरीही बांधू नका. नुसती मूठ फिरवून बघा आणि मधूनमधून फिरवत राहा. मला बंद होता यावं म्हणून बनवलं होतं, आणि त्या घरात मी एकदाही बंद होऊ शकलो नाही.